पडायची शिकवणी

सोलापुरात सात रस्त्याजवळ हाडांचा एक खाजगी दवाखाना होता. तिथं कुंडलिक चौदा वर्षं प्लॅस्टर घालत होता. मूळचा मंगळवेढ्याचा. भाऊ अजून तिकडं ज्वारी करत होते. हा मॅट्रिकला दोनदा बसून कंटाळला आणि वॉर्डबॉय म्हणून दवाखान्यात लागला, तो प्लॅस्टरच्या खोलीतच रमला. मोडलेलं हाड बघून माणूस कशावरून पडला हे तो बहुतेक वेळा बरोबर ओळखायचा. गळ्याजवळची हासळी मोडली असेल तर सायकल. पोराचं कोपर असेल तर झाड. म्हाताऱ्या बाईचा खुबा असेल तर न्हाणीघर. प्लॅस्टरच्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजत असताना तो माणसाशी बोलत बसे. त्यामुळं दुखणाऱ्या माणसाचं लक्ष दुसरीकडं जातं, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

सत्त्याहत्तर सालची दिवाळी झाली आणि आठ दिवसांनी मालती नावाची मुलगी डावं मनगट उजव्या हातानं उचलून धरत खोलीत आली. वय चोवीस-पंचवीस. कचेरीत टायपिस्ट होती. मनगट मागं उचललेलं आणि पुढं वाकलेलं, जेवणाचा काटा उपडा ठेवावा तसं. डॉक्टर दुधनीकरांनी इंजेक्शन देऊन हाड ओढून बसवलं. कुंडलिकनं कोपराकडून धरून ठेवलं. मग डॉक्टर हात धुवायला गेले आणि कुंडलिकनं कापूस गुंडाळायला घेतला.

"कुटं पडला, ताई?"

"रिंकवर."

"म्हंजी?"

"स्केटिंगची रिंक. ते जुनं कापसाचं गोदाम आहे ना, तिथं निघालीय. पायाला चाकं बांधायची आणि घसरायचं."

"आन मंग पडायचं."

मालतीला हसू आलं आणि हसताना हात हलला म्हणून ती कण्हली. प्लॅस्टर गरम लागेल, घाबरू नका, असं नेहमीचं वाक्य सांगून कुंडलिकनं पट्टी फिरवली, तळहातानं गुळगुळीत केली आणि ओल्या प्लॅस्टरवर पेन्सिलनं तारीख घातली.

त्याच आठवड्यात आणखी दोघं आले. कॉलेजातला एक मुलगा आणि त्याला न्यायला गेलेला त्याचा मामा. पुढच्या आठवड्यात तिघं. डिसेंबर निम्मा सरेपर्यंत नऊ मनगटं झाली आणि नऊच्या नऊ त्या एका गोदामातली. पडण्याची तऱ्हाही तीच. माणूस मागं कलंडला, हात मागं टेकला, मनगट गेलं.

कुंडलिकनं हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. दुधनीकर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना कामापलीकडचं बोलणं आवडत नसे.

"लोकांनी कुठं पडावं हे आपण ठरवत नाही, कुंडलिक," ते एक्स-रे उजेडाकडं धरत म्हणाले. "पडल्यावर आपलं काम सुरू होतं."

कुंडलिकलाही ते पटलं होतं. दहावी पेशंट आली नसती तर तो गप्पच राहिला असता.

दहावी रत्नम्मा. पूर्व भागातल्या विणकराच्या घरातली. घरी मागावर सासरा आणि नवरा बसत, ही त्यांना सुताच्या कांड्या भरून देई. धाकट्या नणंदेनं हट्ट केला म्हणून तिच्यासोबत गेली होती. तिचं उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे हात चालवायचा नाही असं कुंडलिकनं सांगितलं, तेव्हा तिनं शेजारी उभ्या असलेल्या सासूकडं पाहिलं. सासू तेलुगूत काहीतरी म्हणाली. कुंडलिकला तेलुगू येत नव्हतं, पण कळायचं ते कळलं. मग रत्नम्मानं मराठीत विचारलं, "बोटं तर हलतेत की. बोटांनी भरलं तर चालतंय का?"

"न्हाय चालत," कुंडलिक म्हणाला.

त्या रविवारी जेवण करून तो रिंक बघायला गेला.

गोदाम मोठं होतं, वर पत्रे. खालचा कोबा घोटून आरशासारखा केलेला. भोवतीनं कमरेइतका लोखंडी पाइप. कोपऱ्यात रेकॉर्ड लागलेली आणि तीस-चाळीस माणसं पायाखाली चार-चार चाकं घेऊन फिरत होती. कुणी उजवीकडून, कुणी डावीकडून. चांगली येणारी पोरं सुसाट जात होती आणि नवशिकी पाइपला लोंबकळत होती. कितीतरी जणांनी चपलेवरच चाकं आवळली होती. मागच्या दारातून रस्त्यावरची धूळ आत येत होती, आणि त्या दाराजवळ आलं की चाक खरकन अडायचं. कुंडलिक पाइपला टेकून दोन तास उभा राहिला. एवढ्या वेळात एकवीस जण पडले. एकवीसच्या एकवीस जणांनी आधी हात टेकला.

रिंकचे मालक दाराशी खुर्ची टाकून बसले होते. गळ्यात शिट्टी, अंगात जुना लोकरी कोट. वेणीमाधव अनगरकर, वय साठीच्या पुढं. कुंडलिकनं नमस्कार केला आणि आपण कोण ते सांगितलं. अनगरकरांनी त्याला दुसरी खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस बोलका होता.

"सरकारी नोकरीत चौदा हिवाळे सिमल्यात काढले मी," ते म्हणाले. "तिथं खरी रिंक. रात्री मैदानावर पाणी सोडायचं, सकाळी बर्फ तयार. बुटाखाली पोलादी पातं. रिटायर होऊन इथं आलो तेव्हा रोज स्वप्नात तोच बर्फ. पण सोलापुरात बर्फ येतो तो लाकडाच्या भुशात गुंडाळून, गोळ्याच्या गाडीवर. म्हटलं, पात्याऐवजी चाकं तर चाकं."

"तितं लोक पडत नव्हते?"

"पडत की. रोज. पण तिथं पहिल्या दिवशी पडायलाच शिकवत. गुडघे वाकवायचे, एका कुशीवर बसायचं, हनुवटी छातीला, हात पोटाशी आणि मुठी मिटलेल्या. बर्फावर बोटं पसरून पडलं की मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जातं. माझ्या ऑफिसातल्या एकाची दोन बोटं तशी गेली." अनगरकरांनी आपलीच दोन बोटं मिटून दाखवली. "आणि सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं. तासातासाला सगळे बाहेर, बर्फ झाडून साफ."

कुंडलिक त्यांच्याकडं बघतच राहिला.

"तुमाला एवढं सगळं ठावं हाय," तो म्हणाला, "मंग हितं का करत न्हाई?"

अनगरकरांनी कप खाली ठेवला. "पहिल्या आठवड्यात करून पाहिलं. लोक म्हणाले, आम्ही चाकं चालवायला आलोय, जमिनीवर लोळायला नाही. दुसऱ्या दिवशी निम्मे आलेच नाहीत."

"महिन्यात धा मनगटं आली आमच्याकडं. हितलीच."

"दहा?"

"धा. डाक्टर एकटेच न्हाईत गावात. दुसरीकडं किती गेली, मला ठावं न्हाई."

अनगरकरांचा चेहरा उतरला, आणि मग त्यांना रागही आला. आपल्या आवडीच्या गोष्टीला कुणी नाव ठेवलं की येतो तसा. "तुम्ही कधी पायाला चाकं बांधलीत?" त्यांनी विचारलं. "काठावर उभं राहून मोजणं सोपं असतं, कुंडलिकराव. शहाणा माणूस सांभाळून राहिला तर पडत नाही."

कुंडलिक एक्केचाळीस वर्षांचा होता. अंगानं जड, पायजमा-सदऱ्यातला माणूस. त्यानं चाकं बांधायला नको होती. पण तो म्हणाला, "आणा, बांधतो की." पायात कॅनव्हासचे बूट होते, त्यावर अनगरकरांनी स्वतः पट्टे आवळले.

पाइप धरून तो अर्धा फेरा गेला. जमतंय असं त्याला वाटलं. मनात तो घोकत होता: हात टेकायचा न्हाई, हात पोटाशी, हात पोटाशी. मागच्या दाराजवळ पाइप संपत होता, तिथं त्यानं हात सोडला. डावं चाक धुळीत अडलं, उजवा पाय एकटाच पुढं निघाला, छपराचे पत्रे दिसले आणि उजवा हात, त्याला न विचारता, मागं जाऊन जमिनीला टेकला.

चौदा वर्षांत त्यानं मोडलेली हाडं शेकड्यानं पाहिली होती. मोडतानाचा आवाज कधी ऐकला नव्हता. वाळलेली काटकी गुडघ्यावर मोडावी, तसा बारीकसा आवाज होता. रेकॉर्ड चालू असूनही त्याला तो स्वच्छ ऐकू आला. उठून बसून त्यानं मनगट पाहिलं. मागं उचललेलं, पुढं वाकलेलं.

"अकरा," तो म्हणाला.

अनगरकरांनी रेकॉर्ड बंद केली, टांगा आणवला आणि त्याच्याशेजारी बसून दवाखान्यात आले. दुधनीकरांना घरून बोलवावं लागलं. त्यांनी हाड बसवलं आणि मग प्लॅस्टर कोण घालणार असा प्रश्न आला. कुंडलिकशिवाय ते काम कुणी फारसं केलेलं नव्हतं. शेवटी सिस्टर अंबुबाई पुढं झाल्या आणि कुंडलिक टेबलावर पडल्या पडल्या सांगू लागला.

"बुडबुडे थांबू द्या. आता दोनी टोकं धरून पिळा. मधनं न्हाई. अंगठा मोकळा ठिवा. लई आवळू नगा."

प्लॅस्टर तापायला लागलं तसा तो दचकला. गरम लागेल, घाबरू नका, हे वाक्य त्यानं हजारदा म्हटलं असेल. पण ती ऊब अशी आतून चढत येते आणि हात दुसऱ्या कुणाचा तरी होऊन जातो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दाराशी अनगरकर उभे होते. हाड ओढून बसवताना कुंडलिक ओरडला तेव्हापासून ते तिथंच होते आणि त्यांनी कोट काढून हातात घेतला होता.

"सहा आठवडे रजा," दुधनीकर म्हणाले. "एका हातानं प्लॅस्टर घालता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "तू तिथं गेलासच का पण?"

कुंडलिक डाव्या हाताचा आधार घेत टेबलावर उठून बसला.

घरी त्याची बायको सोजरबाईनं त्याला आधी खाली बसवलं. त्याला भात कालवून दिला, सदऱ्याची बटणं काढून दिली. मग म्हणाली, "ह्या वयात चाकावर कशाला चढला?"

"पडतेत कसं ते बगाय."

"कळलं का मंग?"

"व्हय, कळलं की," कुंडलिक म्हणाला. आणि खरोखरच त्याला एक गोष्ट कळली होती. दोन दिवस गळ्यात हात अडकवून तो ओट्यावर बसला आणि त्याच गोष्टीवर विचार करत राहिला. हात टेकायचा नाही हे त्याच्याइतकं पक्कं ठाऊक असलेला माणूस सोलापुरात दुसरा नव्हता. पडायच्या अर्धं मिनिट आधी तो तेच घोकत होता. तरी हात गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो रिंकवर गेला. अनगरकर एकटेच होते, कोबा झाडत होते.

"सांगून उपेग न्हाई," कुंडलिक म्हणाला. "हात इचारून जात न्हाई. डोस्क्याला शिकवून काय करायचं? अंगाला शिकवाय पायजे. रोज पडायचं, लई येळा पडायचं, मंग अंग आपसूक कुशीवर जातंय."

"लोक ऐकणार नाहीत."

"मी हाय की," कुंडलिकनं प्लॅस्टरचा हात वर केला. "मला बगून ऐकतील."

तसं झालं, पण लगेच नाही. अनगरकरांनी मागचं दार बंद करून खिळे मारले. एकाच दिशेनं फिरायचं, शिट्टी झाली की सगळ्यांनी बाहेर यायचं आणि कोबा पुसून घ्यायचा, असा नियम घातला. गोदामाच्या एका कोपऱ्यात बारदानाच्या घड्या अंथरल्या. नव्यानं येणाऱ्यानं तिथं आधी चाकांशिवाय तीस वेळा पडायचं, मग चाकांसकट तीस वेळा, आणि मगच कोब्यावर जायचं. पहिल्या आठवड्यात रिंक ओस पडली. कॉलेजातली पोरं दारात उभी राहून नक्कल करत. एक जण लोळण घेऊन म्हणाला, "मास्तर, जमलं का?" कुंडलिकनं शांतपणे सांगितलं, "हनवटी वर ऱ्हायली. डोस्कं आपटलं असतं." पोरगा उठला, कपडे झाडले आणि पुन्हा पडून दाखवलं. दुसऱ्या खेपेला हनुवटी बरोबर होती.

बायकांचा प्रश्न वेगळा होता. पुरुषानं शिकवलेलं त्यांना चालण्यासारखं नव्हतं, आणि पाचवारी साडीत पडणार कसं? एका संध्याकाळी मालती तिचा प्लॅस्टरचा हात घेऊन सहज बघायला आली. तिची नजर कुंडलिकच्या हातावर गेली.

"तुम्ही सुद्धा?"

"मी सुदा."

तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचं प्लॅस्टर तीन-चार दिवसांत निघायचं होतं. ते निघाल्यावर आणखी पंधरवडा तिनं धीर धरला आणि मग सलवार-कमीज घालून आली. बारदानावर तिनं शंभर वेळा पडून दाखवलं. ती एकदा मोडून आलेली होती आणि परत आली होती, एवढ्यावरच बायकांचा तिच्यावर विश्वास बसला. मंगळवार आणि शुक्रवार बायकांचे ठरले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला बाहेरगावची माणसं आली तेव्हा काही जण रिंकवरही आले. तेव्हा कोपऱ्यात रांग लागली होती आणि रांगेतली माणसं एकापाठोपाठ एक निमूटपणे पडत होती.

मनगटं थांबली. अंबुबाई दर आठवड्याला कुंडलिकला निरोप देत. जानेवारीत गोदामातलं फक्त एक आलं, तेही दारातल्या पायरीवरून घसरलेलं.

पण त्याच महिन्यात घोटे सुरू झाले. तीन घोटे, एकाच पंधरवड्यात. कुंडलिकला आधी उलगडा होईना. मग त्यानं अंबुबाईंना त्या तिघांच्या पायात काय होतं ते विचारायला सांगितलं. तिघंही चपलेवर चाकं बांधून गेले होते. पूर्वी लोक घाबरत घाबरत फिरत, तेव्हा चप्पल सरकली तरी निभावत होतं. आता पडायची भीती गेल्यावर लोक वेगानं जाऊ लागले होते, आणि वेगात चप्पल एकीकडं, पाय दुसरीकडं.

"म्हणजे हे आपल्यामुळंच झालं," अनगरकर म्हणाले.

"व्हय," कुंडलिक म्हणाला. त्याला ते लागलं होतं. पण तो पुढं एवढंच म्हणाला, "बूट ठिवा हितं. जुने असूद्यात. चप्पल भाईर."

अनगरकरांनी जुन्या बाजारातून कॅनव्हासचे चाळीस जोड गोळा केले. घोटेही कमी झाले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुंडलिकचं प्लॅस्टर अंबुबाईंनीच कापलं. आतला हात बारीक झाला होता, कातडीची सालं निघत होती, आणि मनगट पुरतं वळत नव्हतं. दुधनीकरांनी ते फिरवून पाहिलं आणि थोडा फरक राहील असं सांगितलं. तो कामावर रुजू झाला. रविवार तेवढा रिंकसाठी ठेवला. पट्टी फिरवायला त्याला पूर्वीपेक्षा वेळ लागे. प्लॅस्टर तापायच्या आधी तो आता म्हणायचा, "आतनं ऊब येईल. हात आपला न्हाई असं वाटंल. पाच मिंटं वाटतंय तसं, मंग जातंय." हे ऐकल्यावर माणसं कमी घाबरत, हे त्याच्या लक्षात आलं.

रत्नम्मा आठवडाभर उशिरा प्लॅस्टर काढायला आली तेव्हा तिची बोटं आखडली होती. सासूनं पहिल्या आठवड्यातच तिला कांड्या भरायला बसवलं होतं, डाव्या हातानं. डाव्या हातानं कांड्या कमी होत आणि त्यावरून घरात रोज बोलणी होत. कुंडलिकनं तिला कोमट पाण्यात हात घालून मूठ उघडझाप करायला शिकवलं. ती रोज करते म्हणाली. नंतर ती दवाखान्यात आली नाही. तिच्या हाताचं पुढं काय झालं, हे त्याला कळलं नाही, आणि चौकशीला घरी जाणं त्याला बरं वाटलं नाही.

मार्चमध्ये एका रविवारी दुधनीकर रिंकवर आले. सोबत त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई. डॉक्टर इस्त्रीच्या पँटमध्ये होते. कुंडलिकनं उठून खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"ही मागं लागलीय," ते म्हणाले. "चाकं दे."

"हितं आधी पडावं लागतंय, डाक्टरसायब."

"मला माहीत आहे कसं पडायचं. मनगटाचं हाड कुठं मोडतं हे मी तुला शिकवलंय."

"व्हय. मलाबी ठावं हुतं," कुंडलिक म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या मनगटाकडं पाहिलं. ते त्यांनीच बसवलेलं होतं. मग त्यांनी घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं आणि बारदानावर उभे राहिले. कुंडलिक म्हणाला, "गुडघे." ते वाकले. "कुशीवर." ते पडले, आणि उजवा हात जमिनीला टेकला.

"एक," कुंडलिक म्हणाला. "परत."

दाक्षायणीबाईंनी घड्याळ पर्समध्ये टाकलं, पदर खोचला आणि शेजारच्या घडीवर उभ्या राहिल्या. त्या पहिल्याच खेपेला बरोबर पडल्या. दुधनीकरांचा हात अकराव्या खेपेला पोटाशी राहिला. तोवर त्यांची पँट गुडघ्यावर काळी झाली होती, आणि ते मधूनमधून थांबून हात आपोआप का जातो याचं कारण कुंडलिकला समजावून सांगत होते. कुंडलिक ऐकून घेई आणि आकडा पुढं मोजे.

पुढच्या वर्षी गोदामाच्या मालकाला कापसासाठी जागा परत हवी झाली आणि रिंक बंद झाली. अनगरकर मुलीकडं पुण्याला गेले. जाण्याआधी त्यांनी चाकं, बूट सगळं एका शाळेला देऊन टाकलं. शाळेच्या ड्रिलमास्तरांना मालतीनं आणि कुंडलिकनं दोन दिवस शिकवलं. मास्तर तरुण होते, त्यांना वाटलं दोन तासांचं काम आहे. कुंडलिकनं त्यांनाही साठ वेळा पाडलं.

त्याचं मनगट शेवटपर्यंत थोडं कमीच वळलं. प्लॅस्टरची शेवटची पट्टी गुळगुळीत करायची वेळ आली की तो बाजूला व्हायचा आणि ते काम अंबुबाई करायच्या.